नुसतं थंड

बाबा,

काल दुपारी माझ्या घरात पुदिन्याचं चॉकलेट आलं. तुमच्या नातीनं आणलं. सोसायटीसमोर पूर्वी पिठाची गिरणी होती ना, तिथे आता मोठं काचेचं दुकान झालंय, तिथून. हिरवं खोकं, आत पातळ चौकोनी वड्या, प्रत्येक वडी वेगळ्या कागदात, मधे पांढऱ्या क्रीमचा थर. तुम्ही असतात तर आधी खोकं उलटं करून, चष्मा कपाळावर चढवून मागची बारीक अक्षरं वाचली असतीत आणि मग खोकं न उघडताच कोमट पाणी मागितलं असतंत. चूळ भरायला. मी तेच करत होते, आणि करतेय हे मला मुलीच्या चेहऱ्यावरून कळलं. ती म्हणाली, "आई, चॉकलेट खायचंय. ऑपरेशन नाही करायचं."

तुमची आणि तिची भेट झाली नाही. ती अकरावीत आहे आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला दहापैकी मार्क देते. माझ्या पोह्यांना आठ, मावशीच्या मुलाच्या लग्नाला सहा. परवा मी केस कापून आले तर दारातच म्हणाली, "साडेचार, सॉरी." चॉकलेट तोंडात टाकल्या टाकल्या तिचे मार्क तयार होते. "सात. नाही, साडेसहा. क्रीम जास्त आहे यार. तू सांग." मी वडी जिभेवर ठेवली, चावली नाही, विरघळू दिली आणि तोंड मिटून नाकातून हळू श्वास सोडला. आधी साखर, जरा घाईनं पुढे आलेली. मग कोको, पण मागच्या बाकावर बसलेला. मग पुदिना, आपल्या चटणीतला ओला हिरवा नाही, पानवाल्याच्या डब्यांतून येतो तसा कोरडा, स्वच्छ. शेवटी घशात थंडावा, आणि तो ओसरताना चॉकलेट पुन्हा एकदा येतं. पाहुणा चपला घालून निघतो आणि दारातच परत गप्पा मारत उभा राहतो, तसं. हे सगळं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "ते ठीक आहे गं. पण किती?"

"आधी आहे ते सांगायचं," मी म्हटलं. "आवडलं की नाही ते नंतर."

हे वाक्य तुमचं आहे, आणि ते मी इतकी वर्षं माझंच असल्यासारखं वापरत आलेय.

आई आता माझ्याकडेच असते. मुलुंडलाच, आपल्या जुन्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. तिनं वडीचा कोपरा दातानं तोडला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "ह्यां काय गो? दात घासूचां चॉकलेट?" मुलगी हसून सोफ्यावर आडवी. "आजी, दहापैकी?" "शून्य," आई म्हणाली. "आणि दे एक अजून." दुसरी वडी तिनं सावकाश खाल्ली. कागदाची घडी घालत, कोणाकडेही न बघता म्हणाली, "ह्यांना आवडलं असतं. तेवढंच एक लागायचं ना त्यांना. थंड."

"तेवढंच म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? वास कुठे यायचा त्यांना? स्टुलावरून पडले तेव्हाच गेला तो."

आजचा पेपर कोणी नेला हे सांगावं इतक्या साध्या आवाजात तिनं हे सांगितलं. मी कालपासून त्या एका वाक्याभोवती फिरतेय, बाबा. तुमच्याबद्दलच्या माझ्या जवळजवळ सगळ्या चांगल्या आठवणी ओट्यापाशी उभं राहून काहीतरी चाखण्याच्या आहेत. मला वाटायचं, तुम्ही मला शिकवत होतात. आता विचारावंसं वाटतं, आणि रागानं नाही, खरंच विचारावंसं वाटतं: शिकवत होतात, की माझं नाक वापरत होतात?

तुमची कंपनी एलबीएस मार्गाच्या आतल्या गल्लीत, गोळ्यांची. लिमलेटच्या, संत्र्याच्या, खोकल्याच्या. आपल्या चाळवजा बिल्डिंगमध्ये सगळ्या गोळ्यांना सरसकट पेपरमिंटच म्हणत, आणि मी 'पेपरमिंटवाल्यांची मुलगी' होते. क्वालिटी खातं तुमच्याकडे. आठवड्यातून काही दिवस तिथे चव तपासायचं पॅनेल बसायचं, म्हणजे तुम्ही चारपाच जण वेगवेगळ्या टेबलांवर, एकमेकांकडे पाठ करून, समोर छोट्या वाट्या, बाजूला कोमट पाणी आणि मूठभर कुरमुरे. बोलायचं नाही, चेहरा करायचा नाही. "पॅनेलवर सगळ्यांत धोकादायक माणूस म्हणजे 'अहाहा' करणारा," तुम्ही म्हणायचात. त्या दिवशी सकाळी तुम्ही पावडर लावायचा नाहीत, डोक्याला वासाचं तेल नाही, आणि आई फोडणीत लसूण घालायची नाही. देवापुढची उदबत्तीसुद्धा तुम्ही गेल्यावर लागायची. शेजारच्या काकू जिन्यात आईला विचारायच्या, "आज कसला गं उपास?" आई म्हणायची, "पॅनेलचा." काकूंना वाटायचं, कोकणातली कुठलीतरी देवी असेल.

मी सहावीत होते. तुम्ही ट्यूबचा स्टार्टर बदलायला स्टुलावर चढलात, स्टूल डुगडुगलं आणि डोक्याची मागची बाजू पलंगाच्या कडेवर आपटली. टाके पडले, काही दिवस तुम्ही घरी होतात. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही एकच विनोद ऐकवायचात: "ट्यूबचा स्टार्टर बसला, माझा उडाला." सगळे हसायचे. मीही हसायचे. आई तेवढी आत जायची चहा ठेवायला. आता आठवतं की तिचा चहा त्या दिवसांत फार वेळ उकळायचा.

आणि मग खेळ सुरू झाला. तुम्ही संध्याकाळी यायचात, हातपाय धुवायचात, आणि डबा उघडायचात. दुपारच्या भाजीचा वास लागू नये म्हणून कंपनीतच गरम पाण्यानं धुऊन पुसलेला असायचा. त्यात बटर पेपरच्या दोन घड्या. प्रत्येक घडीत एक गोळी, किंवा गोळीचा तुकडा. अर्धा तुमच्या तोंडात, अर्धा माझ्या. तुम्ही डोळे मिटायचात. "सांग, बाय."

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "छान आहे." तुम्ही डोळे उघडलेत. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, आवाजही फारसा चढवला नाहीत, पण त्या दिवशी तुमचा आवाज असा काही कोरडा झाला होता की मला तो अजून ऐकू येतो. "छान ही चव नसते. छान हे तुझं झालं. गोळीचं काय? गोळीत काय आहे ते सांग." मला रडू येत होतं. मी रडतच म्हटलं, "संत्र्यासारखी आहे, पण आतल्या संत्र्यासारखी नाही, सालीसारखी. नखं ओली होतात तशी." तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. मग डबा बाजूला ठेवून माझ्या दोन्ही हातांची नखं बघितलीत, जणू तिथे संत्रं असेल. "हां," म्हणालात. "असं."

त्या उन्हाळ्यात कंपनीच्या शेठना थंड चॉकलेटनं वेड लावलं होतं. सगळे गोळ्या करतात, आपण पुदिन्याचं चॉकलेट करायचं, उन्हाळ्यात खपेल, असं त्यांच्या डोक्यात बसलं होतं. चॉकलेट उन्हाळ्यात वितळतं हे त्यांना सांगायची कोणाची छाती नव्हती. तुमच्या डब्यातून महिनाभर पुदिनाच येत होता. मला तो मुळीच आवडत नव्हता आणि ते मी स्पष्ट सांगितलं होतं. तुम्ही आधी 'आहे ते' सांगायला लावायचात आणि मग शेवटी न चुकता विचारायचात, "आणि आता सांग, आवडलं?" मी म्हणायचे, "शी, नाही." तुम्ही हसायचात. "चालेल. तेवढा माझा वाटा वाढला." आणि माझ्या हातातला उरलेला तुकडा तोंडात टाकायचात. पुदिना तुम्हाला इतका कसा आवडतो हे मला कोडं होतं. बाकी कुठलीही गोळी तुम्ही अर्ध्यावर ठेवून द्यायचात. पुदिन्याची शेवटपर्यंत चघळायचात, आणि मग तोंड थोडं उघडं ठेवून हवा आत ओढायचात. थंड हवा. मी तुमची नक्कल करायचे.

एका संध्याकाळी दोन घड्यांमध्ये दोन तुकडे होते, दिसायला अगदी सारखे. तुम्ही म्हणालात, "यात फरक आहे. मला सांगायचा नाही, तू शोध." (मला सांगायचा नाही! बाबा, मी काल हे आठवून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले.) मी एक खाल्ला, पाणी प्यायले, दुसरा खाल्ला. पहिला बरा होता, कुंडीतलं पान चुरगळल्यासारखा. दुसऱ्यात काहीतरी बिघडलं होतं. मला शब्द सापडेना. तुम्ही घाई केली नाहीत. आईच्या पोळ्या चालल्या होत्या, तवा तापला होता. शेवटी मी म्हटलं, "दुसरं म्हणजे... चॉकलेटच्या खोलीत कोणीतरी बाम लावून बसलंय." आईनं लाटणं थांबवलं. तुम्ही इतके हसलात की तुम्हाला ठसका लागला. त्या रात्री जेवताना तुम्ही ते वाक्य दोनदा पुटपुटलात, पाठ करावं तसं.

दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा असायची आणि घरच्यांना बोलवायचे. मोठ्या कढयांना झेंडूच्या माळा, वजनकाट्याला हळदकुंकू, आणि सगळीकडे तापल्या साखरेचा वास. मी नवीन फ्रॉक घालून तुमच्याजवळ उभी आहे. शेठ प्रसादाचं ताट घेऊन येतात, तुमच्या खांद्यावर हात मारतात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "नाक हो तो इसके जैसी! काय म्हणाला होता तू, चॉकलेटच्या रूममधे बाम लावून बसला कोणतरी? बाम! मैं तो हिल गया. पुदिन्याचा सगळा तेल परत पाठवला मी!" सगळे हसतात. मी वर तुमच्याकडे बघते. ते माझं वाक्य आहे. तुम्ही हसत नाही आहात. तुमचा हात माझ्या डोक्यावर येतो आणि तो नुसता ठेवलेला नाही, दाबलेला आहे. मला तेव्हा वाटलं, तुम्ही मला सांगताय, गप्प राहा. घरी जाताना मी फुरंगटून दोन पावलं मागे चालत होते. तुम्ही थांबलात, मला बरोबरीनं येऊ दिलंत आणि म्हणालात, "तुझं वाक्य कंपनीत चाललं, बाय. माझ्या नावावर चाललं. चालेल ना?" मी म्हटलं, "चालेल." मला काय ठाऊक, तुम्ही काय विचारत होतात.

तर काल. मुलगी मोबाइल घेऊन आत गेली, आणि आई तिच्या रोजच्या कामाला उठली: भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेली, खाली वाकली आणि गॅस बंद केला. माझ्याकडे आता सिलिंडर नाही, पाइपचा गॅस आहे, बाबा, तरी ती भिंतीवरची तोटी फिरवून बघते. मी लहान असल्यापासून ती हे करतेय. दर वेळी, चहा झाला तरी. आम्ही तिची चेष्टा करायचो, तुम्हीसुद्धा. मी मागे जाऊन उभी राहिले.

"तू हे त्यांच्यासाठी करायचीस?"

"मग कोणासाठी? घरात दोघंच असायचो दुपारचे, सुट्टी असली की. मी बाजारात गेले आणि गॅस सुटला तर त्यांना कळणार होतं का?"

"तुला कधी कळलं?"

ती ओट्याला टेकली. "टाके काढून आणले ना, त्याच आठवड्यात. दूध ठेवून मी खाली गेले मीठ आणायला. म्हटलं, बसलेत बाजूला, बघतील. वर आले तर जिन्यापर्यंत करपल्याचा वास. आत येते तर हे दुधाच्या बाजूला खुर्चीवर, पेपर वाचतायत. आरामात! पातेलं काळं. मी बोलायला तोंड उघडलं आणि ह्यांनी वर बघितलं ना गो..." तिनं ओट्यावरचं फडकं उचलून झटकलं. मग म्हणाली, "मी पातेलं उचललं आणि घासायला बसले. अजून आहे बघ ते. तूच नेलंस मागे, कुंड्यांना पाणी घालायला."

"आणि लसूण? वास येत नव्हता तर लसूण कशाला बंद ठेवलास? आम्ही इतकी वर्षं अळणी फोडण्या खाल्ल्या."

"शिकलेली आहेस ना तू?" आईला माझी ही शंका फारच आवडली. "त्यांच्या तोंडाला लसणाचा वास आला असता तर त्यांना कळणार होता का? टेबलावरच्या बाकीच्यांना कळला असता. म्हटले असते, साहेबांना स्वतःचा वास येत नाही, हे काय गोळ्यांचा घेणार."

आणि ते फार महागात पडलं असतं, हे मलाही आता कळतं. सायनसनं कायम नाक चोंदलेल्या एका माणसाला तुम्हीच पॅनेलवरून काढून पॅकिंगला पाठवलं होतंत. "नाक नाही तर पॅनेल नाही," हे तुमचंच वाक्य, तुम्ही ते आमच्यासमोर जेवताना म्हणाला होतात, पडण्याच्या आधी. मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. गोडी, कडवटपणा, रवाळपणा, तुकडा मोडताना येणारा टच आवाज, हे सगळं तुमचं शेवटपर्यंत शाबूत होतं, त्यात तुमच्यासारखा दुसरा नव्हता. एकच गोष्ट गेली होती, आणि नेमकी तीच. कंपनीला तुम्ही फसवलंत का? मी कालपासून दोन्ही बाजूंनी विचार केला. शेठना बामाचा वास कळायला हवा होता आणि तो कळला. पण तुम्हाला तुमचं उत्तर इतक्या सहज पटलं नसेल, नाहीतर दसऱ्याला तुम्ही हसला असतात.

मग मी आईला खरा प्रश्न विचारला. "मला का नाही सांगितलंत? मी कोणाला बोलले नसते."

"तू? तू जिन्यात काकूंना सांगितलं असतंस दुसऱ्या दिवशी."

"मग म्हणून?"

"मी तेच म्हटलं ह्यांना. पोरीला सांगू नका, बोलेल कुठेतरी. तर म्हणाले, ते नाही गं. तिला कळलं तर ती माझ्यासाठी वास घ्यायला लागेल. आता घेते ती तिच्या हौसेनं घेते." आई तोटीकडे बघत होती. "माका काय कळता त्यातला? मी म्हटलं, बरं."

बाबा, आई गोष्टी रंगवून सांगत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तरी मी स्वतःला बजावते की हे वाक्य मला हवं तसं आहे, म्हणून ते जपून घ्यायला हवं. माणूस एकाच वेळी लेकीच्या हौसेचा आणि आपल्या नोकरीचा विचार करू शकतो. मी स्वतः करते. मुलीला रोज क्लासला सोडायला जाते तेव्हा त्यात तिची काळजी किती आणि घरातून निघायला मिळतं याचा आनंद किती, हे मला वेगळं काढता येत नाही. तेव्हा तुम्हीही दोन्ही करत असाल. शिकवत असाल आणि वापरतही असाल. इथपर्यंत काल रात्री जेवणं होईस्तोवर मी आले होते आणि मला वाटलं, झालं, यापुढे काही निघणार नाही.

पण मग कंपनी बंद झाली ते आठवलं. मी तेव्हा कॉलेजात. शेठ गेले, मुलांनी जागा विकली, आता तिथे तीन टॉवर आहेत आणि खाली जिम. तुमचं पॅनेल संपलं, डबा संपला, कोणाला काही सांगायचं उरलं नाही. आणि तुमचं विचारणं थांबलं नाही. उलट वाढलं. कोथिंबिरीची जुडी आणलीत की माझ्या नाकाशी धरून "सांग". आईनं गजरा माळला की "आज मोगरा कसाय? कालच्यापेक्षा?" मी चिडायचे. एकदा ऑफिसातून दमून आले तर म्हणालात, "ऑफिसचा वास कसा असतो गं?" मी म्हटलं, "बाबा, ऑफिसला वास नसतो." तुम्ही म्हणालात, "असं कसं, असणार. सावकाश सांग." आणि मी बूट काढता काढता विचार करून सांगितलं: झेरॉक्सचा गरम कागद, कोणाचातरी सेंट, एसीची ओल, आणि दुपारी कोणीतरी सुकटीचा डबा उघडतं आणि सगळे माझ्याकडे बघतात. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. सुकटीपाशी हसलात. नोकरी नव्हती, शेठ नव्हते, कोणाच्या नावावर काही चालवायचं नव्हतं. तेव्हा तुम्ही माझं नाक कशासाठी मागत होतात?

हॉस्पिटलमध्येही. शेवटच्या आठवड्यात तुम्ही फार बोलत नव्हतात. मी स्टुलावर बसलेले, तुम्ही एकदम म्हणालात, "इथे कसला येतोय?" मला वाटलं, भास होतोय. म्हटलं, "फिनेल." "आणि?" मी नाइलाजानं नाक वर केलं. "आणि पलीकडच्या पलंगावर कोणीतरी मोसंबं सोललंय." "मोसंबं की संत्रं?" मी परत हुंगलं. "संत्रं. साल." तुम्ही डोळे मिटलेत. तुमचा अंगठा माझ्या नखांवरून फिरला. मला तेव्हा काहीच कळलं नाही. मला वाटलं, हात धरायचाय, म्हणून मी हात दिला.

अजून एक आठवण आहे, आणि ती मी काल सगळ्यात शेवटी काढली, कारण तिच्यात काहीतरी ऐकू येईल अशी मला भीती होती. पुदिन्याच्याच त्या उन्हाळ्यातली. मला सणसणीत सर्दी झाली होती. तुम्ही डबा उघडलात, अर्धा तुकडा दिलात, डोळे मिटलेत. "सांग, बाय." मी चघळलं, चघळलं, आणि रडकुंडीला येऊन म्हटलं, "बाबा, काहीच कळत नाहीये. नाक बंद आहे. गोड आहे, आणि नुसतं थंड लागतंय." मला वाटलं, तुम्ही म्हणाल, राहू दे मग. तुम्ही डोळे उघडलेत आणि माझ्या शेजारी येऊन, ओट्याखाली, फरशीवर बसलात. मोठी माणसं असं बसत नाहीत. "नुसतं थंड?" "हो." "चॉकलेट नाही?" "चॉकलेटचा फक्त चिकट भाग." तुम्ही मान डोलावलीत, फार वेळ. "बरोबर," म्हणालात. "अगदी बरोबर सांगितलंस." मग दुसरी घडीही उघडलीत, आणि आपण दोघं तोंड उघडं ठेवून, हवा आत ओढत, ते थंड चॉकलेट संपवलं. आई म्हणाली, "सर्दीत कसलं थंड देताय पोरीला!" तुम्ही म्हणालात, "असू दे गं. आज आम्हाला दोघांना सारखंच लागतंय."

आईनं कणीक मळायला घेतली. आता मला माहीत आहे, का.

आज सकाळी मुलगी कॉलेजला गेल्यावर मी हिरवं खोकं परत काढलं. कोमट पाण्यानं चूळ भरली. मग डाव्या हाताच्या दोन बोटांनी नाक घट्ट धरलं आणि वडी जिभेवर ठेवली. आहे ते सांगते. गोड. कडेला किंचित कडू. वरचं कवच पातळ, मोडताना आवाज करतं, तुम्हाला आवडलं असतं. आतलं क्रीम गुळगुळीत, पण शेवटी बारीक रवाळ, इथे त्यांनी चूक केलीय. चॉकलेट नाही, नुसता चिकट भाग. पुदिना नाही. आणि मग, कुठून आलं ते न सांगता, थंड. मी तोंड उघडून हवा आत ओढली. बोटं सोडल्यावर सगळं एकदम नाकात घुसलं, कोको, पुदिना, कालच्या बांगड्याचं तेल, फडक्याचा ओला वास, आणि मला चक्क गर्दी झाल्यासारखं वाटलं.

हे मी रोजच्या वहीतच लिहिलंय, ते इथेच राहील. आईलाही दाखवणार नाही, ती म्हणेल, एवढं काय त्यात. आवडलं की नाही ते मात्र सांगायचं राहिलं, आणि तुम्ही ते नेहमी शेवटी विचारायचात. पुदिन्याचं चॉकलेट मला अजूनही आवडत नाही, बाबा. पण नाक धरून खाल्लेलं आवडलं. आई आत पडली होती, बघायला कोणी नव्हतं, म्हणून दुसरी वडीसुद्धा तशीच खाल्ली.